लोकल, बस आणि मेट्रोने मुंबई : वडनेर भोलजीहून निघणाऱ्या प्रवाशासाठी

वडनेर भोलजी आणि आसपासच्या गावांतून मुंबईला जाणाऱ्यांची कारणे बहुधा ठरलेली असतात. कोणाचे मंत्रालयात काम अडलेले असते, कोणाचा मुलगा नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेला असतो, कोणी रुग्णाला घेऊन परळच्या रुग्णालयात जातो, तर कोणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी निघतो. काम आटोपल्यावर हाती अर्धा-एक दिवस उरतो. परंतु लोकलच्या गर्दीची धास्ती आणि टॅक्सीच्या भाड्याची चिंता यांमुळे अनेक जण तो वेळ नातेवाइकांच्या घरी किंवा स्थानकाच्या प्रतीक्षालयात काढतात. आपल्या राज्याची राजधानी न पाहताच ते परत गाडीत बसतात.

ही धास्ती अगदीच निराधार नाही. तरीही मुंबई पाहण्याचा सर्वांत स्वस्त आणि बहुतेक वेळा सर्वांत जलद मार्ग रेल्वेचाच आहे. हे शहर रुळांच्या कडेने उत्तरेकडे वाढत गेले. त्यामुळे येथील बहुतेक प्रेक्षणीय स्थळे कोणत्या ना कोणत्या स्थानकापासून पायी किंवा बसने थोड्या अंतरावर आहेत. गर्दी कोणत्या वेळी कोणत्या दिशेने वाहते, एवढे समजून घेतले तर नवखा माणूसही कुटुंबासह हे शहर निर्धास्तपणे पाहू शकतो.

गावापासून मुंबईपर्यंत

नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे गाव पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ वर, म्हणजे आताच्या क्रमांक ५३ वर, मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान आहे. दोन्ही गावे मध्य रेल्वेच्या भुसावळ-बडनेरा मार्गावर आहेत. रात्रभराचा प्रवास करून सकाळी मुंबईत पोहोचणारी विदर्भ एक्सप्रेस मलकापूरला थांबते. मलकापूर ते मुंबई हे अंतर सुमारे पाचशे किलोमीटर आहे.

गावापासून स्थानकापर्यंतच्या प्रवासात एसटीच्या सवलतींचा लाभ घेता येतो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास विनामूल्य, तर मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात आहे. रेल्वेत मात्र ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली, हे तिकीट काढताना ध्यानात ठेवावे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णास व त्याच्यासोबतच्या एका व्यक्तीस रेल्वेभाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ते पहिल्याच खेपेस मागून घेतल्यास पुढच्या फेऱ्यांचा खर्च बराच हलका होतो.

विदर्भ एक्सप्रेस कल्याण, ठाणे, दादर आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे थांबते. कोठे उतरावे हे कामावर अवलंबून आहे. परळची रुग्णालये, चैत्यभूमी किंवा पश्चिम उपनगरांतील नातेवाईक यांच्यासाठी दादर सोयीचे, तर मंत्रालय आणि फोर्ट भागासाठी शेवटचे स्थानक.

तीन मार्ग, तीन नाकी

मुंबईच्या लोकलचा नकाशा प्रथमदर्शनी गुंतागुंतीचा वाटतो. परंतु पाहुण्याने तीन मार्ग लक्षात ठेवले की पुरे.

मध्य मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून भायखळा, परळ, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे असा कल्याणपर्यंत जातो. तेथून एक फाटा कसाऱ्याकडे व दुसरा कर्जत-खोपोलीकडे वळतो. पश्चिम मार्ग चर्चगेटहून निघून चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, विरार असा डहाणू रोडपर्यंत पोहोचतो. हार्बर मार्ग पुन्हा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासूनच सुरू होतो. वडाळ्यानंतर त्याची एक शाखा कुर्ला, वाशी अशी पनवेलला आणि दुसरी वांद्रे, अंधेरी अशी गोरेगावला जाते.

मार्ग बदलण्याची मुख्य नाकीही तीनच आहेत. मध्य आणि पश्चिम मार्ग दादरला भेटतात, मध्य आणि हार्बर कुर्ल्याला, तर पश्चिम मार्ग आणि मेट्रो अंधेरीला. दादरला दोन्ही मार्गांवर सारखेच फलाट क्रमांक असल्याने पूर्वी नवख्यांची फार गल्लत होई. डिसेंबर २०२३ पासून तेथील फलाटांना एक ते चौदा असे सलग क्रमांक देण्यात आले. त्यांपैकी आठपासून पुढचे मध्य रेल्वेचे आहेत.

लोकल धिमी आणि जलद अशा दोन प्रकारची असते. धिमी प्रत्येक स्थानकावर थांबते, जलद गाडी मधली अनेक स्थानके सोडते. फलाटावरील इंडिकेटरवर गाडीचे शेवटचे स्थानक, वेळ आणि प्रकार दिलेला असतो. भायखळ्यासारख्या जवळच्या ठिकाणी जाताना मनात शंका असेल तर धिमी गाडी पकडावी. चार-पाच मिनिटे अधिक लागली तरी स्थानक चुकत नाही.

तिकीट

लोकलचे दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे २०२५ च्या दरानुसार पाच रुपये आहे. तिकीट खिडकीवर, स्थानकातील स्वयंचलित यंत्रावर अथवा रेल्वेच्या मोबाइल ॲपवर ते मिळते. दिवसभर फिरायचे असल्यास पर्यटक तिकीट मागावे. एक, तीन आणि पाच दिवसांच्या मुदतीच्या या तिकिटावर लोकलच्या सर्व मार्गांवर कितीही वेळा प्रवास करता येतो आणि प्रत्येक स्थानकावर रांगेत उभे राहण्याचा त्रास वाचतो.

दोन चुका पाहुण्यांकडून हमखास होतात. पहिली म्हणजे गर्दी कमी दिसते म्हणून फर्स्ट क्लासच्या डब्यात चढणे. दुसरी म्हणजे साधे तिकीट घेऊन वातानुकूलित लोकलमध्ये बसणे. डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिम मार्गावर सुरू झालेल्या या गाड्यांचे भाडे वेगळे असते. दोन्ही बाबतींत तिकीट तपासनीसाने पकडल्यास भाड्यातील फरक भरावा लागतो आणि वर किमान २५० रुपये दंडही बसतो. चढण्यापूर्वी डब्यावरील पट्टे आणि अक्षरे पाहावीत. महिलांचे व दिव्यांगांचे डबे स्वतंत्र असतात.

बेस्टच्या बसचे किमान भाडे मे २०२५ पासून साध्या बसला दहा आणि वातानुकूलित बसला बारा रुपये झाले. मेट्रोचे भाडेही दहा रुपयांपासून सुरू होते. लोकलचे तिकीट बस किंवा मेट्रोत चालत नाही.

पहिला टप्पा : बोरीबंदर ते गेट वे

मुंबई दर्शनाची सुरुवात जेथे गाडी संपते तेथूनच करावी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटरच्या मार्गावर देशातील पहिली प्रवासी रेल्वे धावली. त्याच बोरीबंदरच्या परिसरात फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये टर्मिनसच्या भव्य वास्तूचे काम सुरू झाले व दहा वर्षांनी ते पूर्णत्वास गेले. २००४ मध्ये युनेस्कोने या वास्तूचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. गाडीतून उतरताच लगबगीने बाहेर न पडता समोरचा रस्ता ओलांडून पलीकडच्या पदपथावरून ही इमारत पाहावी. शेजारी उभी असलेली महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच आहे.

येथून दक्षिणेकडे सरळ चालत गेल्यास सुमारे एक किलोमीटरवर हुतात्मा चौक लागतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण वेचणाऱ्यांचे स्मारक येथे आहे. बुलढाणा जिल्हा पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाग होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. वऱ्हाडातून येणाऱ्या माणसाचे मुंबईशी असलेले राजकीय नाते या चौकातील लढ्याशी जोडलेले आहे.

पुढे काळा घोडा परिसर ओलांडला की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येते. १९२२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयास किमान दोन तास द्यावेत. त्याचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनीच १९२४ मध्ये पूर्ण झालेल्या गेट वे ऑफ इंडियाचा आराखडा केला. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून देशाबाहेर गेली. टर्मिनसपासून गेट वेपर्यंतचे अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. चालणे होत नसेल तर स्थानकाबाहेरून बेस्टची बस मिळते.

गेट वेवरून घारापुरीच्या लेण्यांकडे जाणाऱ्या लाँच सुटतात. जाण्यास सुमारे एक तास लागतो आणि बेटावर शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. लेण्यांतील सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती पाहिल्यावर हे श्रम विसरले जातात. लेणी सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्यास लाँच सुटत नाहीत. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून अनेकांचे बळी गेले. त्यामुळे लाँचमध्ये बसताच प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, जीवरक्षक जाकीट अंगात घालावे. कोणी देण्याची वाट पाहू नये, मागून घ्यावे.

दुसरा टप्पा : चर्चगेट ते महालक्ष्मी

पश्चिम मार्गाचा पहिला भाग समुद्राच्या सोबतीने जातो. चर्चगेट स्थानकाबाहेर पडल्यावर एका बाजूस ओव्हल मैदान आहे. मैदानाच्या पूर्वेस उच्च न्यायालय व विद्यापीठाचा राजाबाई टॉवर या गॉथिक शैलीतील वास्तू, तर पश्चिमेस आर्ट डेको शैलीतील निवासी इमारतींची रांग आहे. या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. स्थानकाच्या दुसऱ्या बाजूस पाच-सात मिनिटांवर मरीन ड्राइव्ह आहे. सायंकाळी तेथे बसण्यास एक पैसाही लागत नाही.

चर्नी रोडला उतरल्यास गिरगाव चौपाटी अगदी समोर आहे. ग्रँट रोडपासून काही अंतरावर मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधींचे मुंबईतील वास्तव्य येथे असे. महालक्ष्मी स्थानकाला लागून असलेल्या पुलावरून धोबीघाट दिसतो. महालक्ष्मीचे मंदिर आणि हाजी अली दर्गा ही दोन्ही ठिकाणे स्थानकापासून बसने जवळ आहेत. भरतीच्या वेळी दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते, म्हणून स्थानिकांना विचारूनच पुढे जावे.

तिसरा टप्पा : भायखळा, परळ, दादर

मुलाबाळांसह आलेल्यांना भायखळा जवळ पडते. १८५३ सालच्या मूळ मार्गावरील या जुन्या स्थानकाच्या जतनकामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. पूर्वेकडे बाहेर पडल्यावर थोड्या अंतरावर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे जुन्या पिढीची राणीची बाग आहे. त्याच आवारात १८७२ मध्ये सुरू झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईतील जुन्या व्यवसायांच्या आणि वेशभूषांच्या मातीच्या प्रतिकृती तेथे पाहावयास मिळतात. दोन्ही ठिकाणे बुधवारी बंद असतात.

परळमध्ये १९२६ मध्ये सुरू झालेले के.ई.एम. आणि १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा मेमोरियल ही रुग्णालये आहेत. तपासणी आणि अहवाल यांच्या मध्ये कधी कधी पूर्ण दिवस रिकामा जातो. अशा वेळी रुग्णाजवळ एकाने थांबून दुसऱ्याने तासाभरासाठी तरी बाहेर पडावे. परळहून दादर एका स्थानकावर आहे.

दादर पश्चिमेस पुलाजवळ पहाटेपासून फुलांचा बाजार भरतो. तेथून वीस-पंचवीस मिनिटे चालत गेल्यास शिवाजी पार्क आणि पुढे समुद्रकिनारी चैत्यभूमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पार्थिवावर ७ डिसेंबर १९५६ रोजी येथे अंत्यसंस्कार झाले. महापरिनिर्वाण दिनी मध्य रेल्वे विदर्भातून विशेष गाड्या सोडते आणि बेस्टही जादा बस चालविते. गर्दी टाळून शांतपणे दर्शन घेऊ इच्छिणाऱ्यांनी वर्षातील इतर कोणताही दिवस निवडावा. त्याच फेरीत दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' हे बाबासाहेबांचे निवासस्थान पाहता येते.

चौथा टप्पा : बोरिवली

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. महानगराच्या मधोमध एवढे जंगल असणे हीच मोठी नवलाई. बोरिवली पूर्वेस उतरून त्याच्या प्रवेशद्वारापर्यंत चालत जाता येते. आत सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तेथवर जाण्यासाठी उद्यानात वाहनाची सोय असते. खडकात कोरलेली पाण्याची टाकी आणि ती भरणारे पन्हळ मुद्दाम पाहावेत. पाणीटंचाई भोगलेल्या भागातील माणसाला त्यांतील शहाणपण चटकन उमगेल. उद्यान सोमवारी बंद असते.

मेट्रोची भर

लोकलचे मार्ग दक्षिणोत्तर धावतात. पूर्व-पश्चिम प्रवासाची अडचण जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची पहिली मेट्रो सुरू झाल्यावर कमी झाली. कल्याण-ठाण्याकडून येणारा प्रवासी आता घाटकोपरला मेट्रो पकडून दादरला न जाता थेट अंधेरीस पोहोचतो.

पाहुण्यांच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त ठरली ती कफ परेड ते आरे ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो. ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली ही मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. विधान भवन, चर्चगेट, हुतात्मा चौक, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, गिरगाव, महालक्ष्मी, सायन्स सेंटर, सिद्धिविनायक, दादर ही स्थानके तिच्यावर ओळीने येतात. मंत्रालयातील कामासाठी विधान भवन स्थानक जवळचे आहे. मुंबई सेंट्रलजवळील स्थानकाला पहिल्या रेल्वेच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे. वयस्कर मंडळी सोबत असतील तर भाडे थोडे अधिक देऊन मेट्रोनेच जावे. उद्वाहक आणि सरकते जिने असल्याने पुलांची चढउतार वाचते.

गर्दीची दिशा

मुंबईची गर्दी भरती-ओहोटीसारखी असते. सकाळी आठ ते अकरा या वेळेत ती उपनगरांतून दक्षिणेकडे येते आणि सायंकाळी पाच ते नऊ या वेळेत उत्तरेकडे परतते. टर्मिनस किंवा दादरच्या आसपास मुक्काम असेल तर सकाळी बोरिवलीकडे जावे आणि सायंकाळी दक्षिणेकडे परतावे. दोन्ही वेळा आपण गर्दीच्या उलट जातो आणि बसण्यास जागाही मिळू शकते. याउलट मुक्काम कल्याण-डोंबिवलीला असल्यास अकरानंतर निघून पाचपूर्वी परत फिरणे किंवा रात्री नऊनंतर परतणे श्रेयस्कर. रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक घेतला जातो. त्याचे वेळापत्रक आदल्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येते.

लोकल मधल्या स्थानकांवर अर्ध्या मिनिटापेक्षा फार अधिक थांबत नाही. उतरण्याचे स्थानक येण्यापूर्वीच दाराकडे सरकावे आणि फलाट कोणत्या बाजूस येणार ते सहप्रवाशांना विचारावे. मुंबईकर घाईत असला तरी एवढे सांगण्यास मागेपुढे पाहत नाही. दारात लटकू नये, रूळ ओलांडू नयेत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तत्कालीन एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. त्यामुळे पूल गच्च भरलेला दिसल्यास फलाटावर पाच मिनिटे थांबावे. पुढची गाडी येतेच.

कुटुंबासह चढताना कोठे उतरायचे ते प्रत्येकाला, मुलांनाही, आधी सांगून ठेवावे आणि मोबाइल क्रमांकाची चिठ्ठी खिशात द्यावी. एखादा मागे राहिला तर पुढे गेलेल्यांनी ठरलेल्या स्थानकावर उतरून थांबावे. मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीने यावे. एकमेकांच्या शोधात उलटसुलट फिरल्यास चुकामूक वाढते. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आहे. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी फिरण्याचा बेत रद्द करावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा लोकलच बंद पडल्याने लाखो लोक जागोजागी अडकले होते.

एका दिवसाचा क्रम

विदर्भ एक्सप्रेसने सकाळी पोहोचून रात्रीच्या गाडीने परतणाऱ्यांनी सामान टर्मिनसच्या सामानगृहात ठेवावे. प्रथम पायी हुतात्मा चौक, संग्रहालय आणि गेट वे पाहावे. दुपारी मेट्रोने सिद्धिविनायक किंवा दादर गाठावे, चैत्यभूमी व शिवाजी पार्क पाहून पाचच्या सुमारास दादरहून चर्चगेटकडे जाणारी लोकल धरावी. त्या वेळी गर्दी विरुद्ध दिशेने जात असते. सूर्यास्त मरीन ड्राइव्हवर पाहून टर्मिनसला परतावे. या संपूर्ण फेरीत लोकल, मेट्रो आणि बस यांवर माणशी शंभर रुपयेही खर्च होत नाहीत. सोबत पाण्याची बाटली आणि सुटे पैसे असले, की गावी परतल्यावर मुंबईत काय पाहिले या प्रश्नाला सांगण्यासारखे पुष्कळ काही जवळ असेल.